दिवस राहत नाहीत: औषध बदलण्याआधी दोघांची तपासणी पूर्ण करा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली. पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते आणि सोनोग्राफीत पीसीओडी (दर महिन्याला अंडं वेळेवर न फुटण्याचा बीजकोषाचा त्रास) सांगितलंय. अंडं तयार होण्याच्या गोळ्या वर्षभर घेतल्या, एकदा पिशवी साफ करून घेतली, एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) ७ आलंय. मिस्टर कोल्हापुरात फौंड्रीत भट्टीजवळ काम करतात, तब्येत चांगली आहे, त्यांची तपासणी मात्र एकदाही झालेली नाही. आता तुम्हाला आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार, सुचवलंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मूल न होण्याची कारणं कोणती असतात, आणि दोष माझ्यातच आहे का?’

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पश्चिम महाराष्ट्रात अनेक वर्षं हेच काम करते. दोष कुणात, या प्रश्नाचं उत्तर आज मीच काय, कुणीच देऊ शकत नाही, कारण चार वर्षांत तुमच्या जोडप्यातल्या एकाच माणसाची तपासणी झाली आहे. पीसीओडी हे कारण असू शकतं. ते एकमेव कारण आहे असं मानून पुढे जायला मात्र काही आधार नाही. ढोबळमानाने तीनातल्या एका जोडप्यात कारण मुख्यतः स्त्रीकडे असतं, जवळपास तेवढ्याच जोडप्यांत पुरुषाकडे, आणि उरलेल्यांत दोघांकडे थोडं थोडं असतं किंवा शोधूनही सापडत नाही. पुरुषाचा वाटा कमी-जास्त प्रमाणात निम्म्याच्या आसपास जोडप्यांत निघतो. म्हणून माझ्याकडे आलेल्या जोडप्याला मी पहिल्याच भेटीत वीर्यतपासणीची चिठ्ठी देते, बाईंच्या रक्ततपासण्यांच्या आधी. ही तपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, आणि एका कागदावर अर्धं चित्र समोर येतं.

आता काळाबद्दल. निरोगी, तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता वीस-पंचवीस टक्केच असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशी ते पंचाऐंशी जोडप्यांना दिवस राहतात. म्हणून एक वर्ष नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी सुरू करायची, बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, आणि चाळिशी गाठली असेल तर लगेच. पाळी अनियमित असेल, आधी टीबी झालेला असेल, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा पुरुषाच्या अंडकोषाला काही झालेलं असेल, तरीही वर्षभर थांबायचं कारण नाही. तुमचं वय ३१ आहे. घाबरून उद्याच आयव्हीएफ करावं एवढं जास्त नाही, पण आणखी दोन वर्षं त्याच गोळ्या घेत बसण्याएवढा वेळही हाताशी नाही.

तुमच्या मिस्टरांपासून सुरुवात करते. वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवस संबंध किंवा वीर्यपतन झालेलं नसावं. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचा असेल तर लॅबने दिलेल्या डबीत, खिशात अंगाशी ठेवून, तासाभराच्या आत पोहोचवावा. साध्या निरोधात गोळा करू नये, त्यावरच्या वंगणाने शुक्राणू मरतात. सुरुवातीचा थोडा भाग सांडला तर लॅबला तसं सांगावं, कारण सर्वांत जास्त शुक्राणू त्याच भागात असतात. संकोचामुळे हे कुणी बोलत नाही, आणि मग रिपोर्टमध्ये काउंट उगाचच कमी दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे वीर्य किमान १.४ मिली, दर मिलीत किमान १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, एकूणातले पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के, असे आकडे धरतात. हा चार टक्क्यांचा आकडा वाचून लोक हादरतात. पण ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस राहिले अशाच पुरुषांचे रिपोर्ट घेऊन, त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर ही रेघ ओढलेली आहे. रेघेच्या थोडं खाली असलेल्या माणसाला मूल होणारच नाही असा तिचा अर्थ नाही, आणि वर असलेल्याला होईलच अशी हमीही नाही. शिवाय एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी दोनेक आठवडे. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर तो आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. रिपोर्ट बिघडलेला आला तर तीन महिन्यांनी पुन्हा करायचा. अगदीच शून्य असेल तर मात्र लगेच दुसरा करून पुढच्या तपासण्या सुरू करायच्या.

पुरुषांतली कारणं मी जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे ती कुणी सांगत नाही. सगळ्यांत जास्त सापडतं ते व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगणं, बहुधा डाव्या बाजूला. साधारण पंधरा टक्के पुरुषांना ते असतं आणि त्यांतल्या बहुतेकांना मुलं होतात. मूल न होणाऱ्यांत हे प्रमाण पस्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जातं. त्यामुळे ऑपरेशन सरसकट करायचं नसतं. शिरा हाताला लागत असतील, रिपोर्ट बिघडलेला असेल आणि पत्नीचं वय हातात असेल, तर फायदा होतो. हाताला काहीच लागत नाही, फक्त डॉपलरच्या सोनोग्राफीत दिसलं, एवढ्यावरून ऑपरेशन ठरवू नये.

शून्य शुक्राणू आले की घरात अक्षरशः सुतक पडतं. पण शून्याचेही दोन प्रकार आहेत. एकात शुक्राणू तयार होतात, वाट बंद असते. जुना जंतुसंसर्ग, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये नळीला झालेली इजा, किंवा जन्मापासून नळीच नसणं, अशी त्याची कारणं असतात. दुसऱ्यात मुळात तयारच होत नाहीत किंवा फार थोडे होतात. वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजणं, लहानपणी अंडकोष वरच राहून गेलेला असणं, गुणसूत्रांतला फरक, कॅन्सरचे उपचार ही त्याची काही कारणं. तज्ज्ञाने हाताने केलेली तपासणी, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोनच्या रक्ततपासण्या, आणि गरज पडली तर गुणसूत्रांची तपासणी, एवढ्यावरून कोणता प्रकार आहे ते बहुधा समजतं. पहिल्या प्रकारात सुईने शुक्राणू काढून स्वतःचं मूल होण्याची शक्यता चांगली असते. १९९२ साली इक्सी तंत्राने पहिलं मूल जन्मलं. एक शुक्राणू थेट अंड्यात सोडण्याचं हे तंत्र येण्याआधी अशा पुरुषांना जवळजवळ काहीच पर्याय नव्हता.

तुमच्या मिस्टरांचं भट्टीजवळचं काम मला महत्त्वाचं वाटतं. अंडकोष शरीराबाहेर असतात ते त्यांना थोडं कमी तापमान लागतं म्हणून. रोज आठ-दहा तास फौंड्रीच्या किंवा बॉयलरच्या धगीसमोर उभं राहणाऱ्यांत रिपोर्ट बिघडलेला दिसू शकतो. प्रत्येकाचा बिघडतोच असं नाही, म्हणून नोकरी सोडा असं मी कधी सांगत नाही. रिपोर्ट खरंच कमी आला तर काही महिने मोल्डिंगला किंवा फिनिशिंगला बदली मिळते का ते बघता येईल. त्याबरोबर मावा, तंबाखू, सिगारेट आणि दारू यांबद्दल खरी माहिती डॉक्टरांना द्या. आणि एक गोष्ट तरुणांच्या घरात मुद्दाम विचारावी लागते: जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टिरॉइड किंवा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायला सांगतो आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्यात कित्येक महिने जातात. काउंट वाढावा म्हणूनच ही इंजेक्शनं दिलेले पेशंटही माझ्याकडे येतात. हा उपचार नेमका उलटा आहे. कुणी सुचवला तर घेऊ नका.

शरीर धडधाकट आहे, दाढी-मिशी आहे, संबंधात अडचण नाही, म्हणून शुक्राणू ठीकच असतील असं धरता येत नाही. पुरुषी दिसणं आणि लैंगिक ताकद टेस्टोस्टेरॉनवर चालते. शुक्राणू तयार करण्याचं काम अंडकोषातल्या वेगळ्या पेशींचं आहे. मिस्टरांना हे पटत नसेल तर ‘तुमच्यात काही आहे का बघू’ असं म्हणण्यापेक्षा ‘माझ्या पुढच्या औषधासाठी डॉक्टरांना दोघांचे रिपोर्ट हवेत’ असं सांगा. ते खरंही आहे. सासूबाईंना रिपोर्ट दाखवायलाच हवा असं काही नाही. तो तुमच्या दोघांचा आहे.

आता तुमचं पीसीओडी. सोनोग्राफीत दिसतात त्या ‘पाण्याच्या गाठी’ म्हणजे आजाराच्या गाठी नाहीत, अर्धवट वाढून थांबलेली छोटी अंडी आहेत. त्या काढायच्या नसतात. तुमचं एएमएच ७ येण्याचं कारणही तेच आहे: अंड्यांचा साठा भरपूर आहे, पण दर महिन्याला त्यांतलं एक मोठं होऊन फुटत नाही. मूल न होण्याच्या कारणांत हे सर्वांत सोपं म्हणता येईल असं कारण आहे, कारण औषधाने अंडं फुटू लागलं आणि बाकी सगळं ठीक असेल तर बऱ्याच जणींना आयव्हीएफ न करता दिवस राहतात.

म्हणून तुमच्या वर्षभराच्या गोळ्यांबद्दल मला तीन गोष्टी हव्या आहेत: गोळी कोणती होती, डोस किती होता, आणि ती घेतल्यावर अंडं फुटलं की नाही हे कुणी पाहिलं का. क्लोमिफिन ही जुनी गोळी. आता पीसीओडीमध्ये पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच पाळ्यांपर्यंतच्या उपचारानंतर लेट्रोझोल घेणाऱ्यांत २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफिन घेणाऱ्यांत १९.१ टक्के. अंड्याची वाढ फॉलिक्युलर सोनोग्राफीत दिसते. अंडं फुटल्याची खात्री प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीनेही होते, पण ही तपासणी ‘एकविसाव्या दिवशी’ करायची हा नियम अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठी आहे. तुमच्यासारखी पंचेचाळीस दिवसांची पाळी असेल तर ती पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची, नाहीतर रिपोर्ट खोटाच वाईट येतो. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरवल्यावरही अनेकींचं अंडं आपोआप फुटायला लागतं. तुमचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. शिडशिडीत बायकांनाही पीसीओडी असतं, त्यांना वजन उतरवा सांगण्यात अर्थ नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) आणि साखर या तपासण्या झाल्या नसतील तर आधी त्या करा. लांबलेल्या पाळीमागे यांतलंही काही निघतं आणि त्याची औषधं साधी असतात.

तुमच्या कागदांत नळ्यांची तपासणी मला दिसली नाही, आणि आपल्या देशात हा मुद्दा मी कधीच पुढे ढकलत नाही. गर्भनलिकेतच अंडं आणि शुक्राणू भेटतात. नळ्या बंद असतील तर वर्षभर अंडं फोडून उपयोग काय? जंतुसंसर्ग, जुनं अपेंडिक्स, नळीत राहिलेला गर्भ आणि एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) यांनी नळ्या खराब होतात. पण आपल्याकडे ठळक कारण आहे टीबी. फुप्फुसातला टीबी रक्तातून नळ्यांपर्यंत जातो आणि तिथे वर्षानुवर्षं मुका राहतो. खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही, फक्त दिवस राहत नाहीत, कधी पाळीचं रक्त कमी होत जातं. घरात कुणाला टीबी झाला होता का, लहानपणी तुम्हाला मानेला गाठी आल्या होत्या का, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

नळ्यांची पहिली तपासणी म्हणजे एचएसजी. पाळी थांबल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत, पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात. पोटात कळ येते, म्हणून अर्धा तास आधी दुखणं कमी करणारी गोळी घ्या, डॉक्टर देतात. पिशवीच्या अगदी जवळ नळी बंद दिसली तर कधी कधी ती फक्त आवळलेली असते. तेवढ्यावरून निराश होऊ नका, लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, खात्री करता येते. टीबीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पिशवीच्या अस्तरात टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी पीसीआर तपासणी पॉझिटिव्ह आली, बाकी कशातच काही नाही, एवढ्यावर सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू करू नयेत. कल्चर (जंतू वाढवून बघणं), सीबीनाट (टीबीची मशीनवरची जनुकीय तपासणी), अस्तराचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, लॅपरोस्कोपीत दिसलेल्या खुणा, यांतलं काहीतरी जोडीला हवं. आणि टीबी नक्की ठरला तर औषधं अर्धवट सोडायची नाहीत. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. औषधाने जंतू मरतात, पण आधी खराब झालेली नळी पूर्ववत होईलच असं नाही. तेव्हा आयव्हीएफ हा खरा मार्ग ठरतो. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्या आईच्या नळ्याही बंदच होत्या. नळी पाण्याने फुगलेली असेल तर मात्र आयव्हीएफच्या आधी ती काढावी किंवा बंद करावी लागते, कारण ते पाणी पिशवीत उतरून गर्भ रुजू देत नाही.

पिशवी साफ करण्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. मूल होत नाही म्हणून ‘एकदा पिशवी धुऊन घेऊ’ ही प्रथा अजून चालू आहे. तिने दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही. अस्तराचा नमुना हवा असेल तर तो ओपीडीत बारीक नळीनेही घेता येतो. जोरात खरवडलं गेलं तर पिशवीच्या भिंती आतून चिकटतात. त्या प्रक्रियेनंतर तुमचं रक्त जाणं कमी झालंय का? झालं असेल तर हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने पिशवी आतून बघून घ्यायला हवी. चिकटलेलं सोडवता येतं. पाळी पूर्वीसारखीच असेल तर ती चिंता मनातून काढून टाका.

बाकीची कारणं तुमच्या बाबतीत मला कमी संभवतात, तरी सांगते. पाळीत अंथरूण धरायला लावणारं दुखणं, संबंधाच्या वेळी आत दुखणं, असं असेल तर एंडोमेट्रिओसिस मनात आणायचं. ते साध्या सोनोग्राफीत चुकू शकतं. फायब्रॉइडच्या, म्हणजे पिशवीच्या स्नायूतल्या, सगळ्याच गाठी अडवत नाहीत, पिशवीच्या पोकळीत घुसलेली गाठ अडवते. जन्मापासून पिशवीत पडदा असणाऱ्यांत अडचण दिवस राहण्यापेक्षा गर्भ टिकण्याची जास्त असते. वय हे वेगळंच कारण. पस्तिशीनंतर अंड्यांची संख्याच नाही, गुणवत्ताही उतरते, आणि ती परत आणणारं औषध अजून नाही. एएमएच संख्या सांगतं, गुणवत्ता सांगत नाही. म्हणून पंचविशीतली मुलगी एएमएच कमी आलं म्हणून रडत आली, की मी तिला आधी वय विचारते.

एक प्रश्न तुम्हाला कदाचित अजून कुणी विचारला नसेल: संबंध किती वेळा होतात आणि नीट होतात का? मिस्टर कोल्हापुरात, तुम्ही गावी, रविवारची एकच रात्र, त्यातही घरात माणसं, असं असेल तर बाकी सगळं ठीक असूनही दिवस राहायला वेळ लागेल. अंडं फुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि फुटण्याचा दिवस, एवढाच काळ फळतो. तुमची पाळी लांबते, त्यामुळे तारीख मोजत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध असणं बरं. संबंधानंतर थोडं वीर्य बाहेर येतं, ते सगळ्यांचंच येतं, त्यासाठी पाय वर करून झोपायची गरज नाही. खोबरेल तेल किंवा वंगण शक्यतो टाळा. लग्नाला काही वर्षं होऊनही संबंध पूर्ण झालेलेच नाहीत, बाईचे स्नायू भीतीने आवळले जातात किंवा पुरुषाला ताठरता टिकवता येत नाही, अशी जोडपी माझ्याकडे सतत येतात, आणि त्यांच्या फायलीत आयव्हीएफचा अंदाजखर्च असतो. यावर उपचार आहेत, समुपदेशन आहे. लाजून लपवलं तर पैसे आणि वर्षं दोन्ही जातात.

मग आयव्हीएफ चुकीचं का? नाही. दोन्ही नळ्या बंद, शुक्राणू फारच कमी, वय जास्त, किंवा नीट देखरेखीखाली केलेले साधे उपचार संपले, तेव्हा उगाच थांबणंच चुकीचं. सगळं तपासूनही काहीच सापडलं नाही, तर वय आणि लग्नाची वर्षं पाहून ठरवावं लागतं. तुमच्या बाबतीत आज हातात असलेल्या माहितीवर मी आयव्हीएफला हो म्हणणार नाही. आधी मिस्टरांचा रिपोर्ट, तुमची एचएसजी, थायरॉइड-प्रोलॅक्टिन-साखर. हे एका पाळीच्या काळात होतं. नळ्या उघड्या आणि रिपोर्ट चांगला आला, तर सोनोग्राफीच्या देखरेखीखाली लेट्रोझोलच्या काही पाळ्या. रिपोर्ट थोडा कमी असेल तर आययूआयचा, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेले शुक्राणू बारीक नळीने पिशवीत सोडण्याचा, विचार. तेवढ्याने झालं नाही तर आयव्हीएफ, आणि तेव्हा डॉक्टरांना पीसीओडीची आठवण करून द्या. एएमएच ७ असताना इंजेक्शनांनी बीजकोष जास्त फुगून पोटात पाणी होण्याचा धोका असतो. तो टाळण्याच्या पद्धती आहेत, पण त्या आधीपासून आखाव्या लागतात. सेंटर २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांबद्दलच्या) कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, तेही विचारा. प्रमाणपत्र दाखवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासून सुरू करा, दिवस राहण्याची वाट पाहू नका. आणि जुने सगळे कागद, गोळ्यांच्या चिठ्ठ्यांसकट, तारखेनुसार एका फायलीत लावा. पुढच्या भेटीला मिस्टरांना बरोबर न्या. त्यांची ड्यूटी कुठल्या शिफ्टमध्ये असते ते बघून अपॉइंटमेंट घ्या. वीर्यतपासणी, एचएसजी आणि रक्ताचे रिपोर्ट आले की आकडे इथेच लिहा, बघून सांगते.